ऑनलाइन गोल्फमध्ये वेजच्या फटक्यांचा हिशेब

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन खेळांविषयी आपल्या दैनिकात जो मजकूर येतो तो बहुधा पैशांची बाजी आणि मुलांचे व्यसन या दोन विषयांभोवती फिरतो, आणि ते स्वाभाविकही आहे. संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसाठी कायदा केला, तेव्हाही चर्चा झाली ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांची. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे काढले आहेत, ही गोष्ट मागेच पडली. हे खेळ खेळायचे कसे आणि त्यांत आपला खेळ सुधारायचा कसा, याविषयी मराठीत लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते. बुद्धिबळाच्या कोड्याला वृत्तपत्रात जशी हक्काची जागा असते, तशी जागा कधीतरी या खेळांतील कौशल्यालाही द्यावी, एवढीच विनंती आहे. ती मोघम राहू नये म्हणून ऑनलाइन गोल्फच्या एकाच अंगाविषयी, म्हणजे शंभर यार्डांच्या (एक यार्ड म्हणजे तीन फूट) आतून वेजने, म्हणजे तिरप्या तोंडाच्या, चेंडू उंच उडवणाऱ्या काठीने, मारायच्या फटक्यांविषयी, थोडे सविस्तर लिहितो.

माझ्यासमोर आहे तो ‘वर्ल्ड गोल्फ टूर’ हा संगणकावर आणि मोबाइलवर खेळला जाणारा खेळ, ज्याला खेळणारे डब्ल्यूजीटी म्हणतात. २०१६ मध्ये तो टॉपगोल्फ या अमेरिकी कंपनीकडे गेला. खऱ्या मैदानांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून तो तयार केलेला असल्यामुळे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स, कॅलिफोर्नियातील पेबल बीच, उत्तर कॅरोलिनातील पाइनहर्स्ट क्रमांक दोन अशी मैदाने त्यात त्यांच्या चढउतारांसह भेटतात. आपल्याकडे पुण्यात येरवड्याला आणि मुंबईत चेंबूरला गोल्फची जुनी मैदाने आहेत, पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. तरीही महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांच्या हातात गोल्फ आला तर तो मोबाइलवरच येणार, हे मान्य करायला हवे. मैदानावर प्रशिक्षक शेजारी उभा राहून चूक दाखवतो; मोबाइलवर तसे कोणी नसते. त्यामुळे नवा खेळाडू साठवलेले क्रेडिट (खेळातले आभासी चलन) आधी ड्रायव्हर या लांब पल्ल्याच्या काठीवर खर्च करतो आणि ग्रीनजवळचा, म्हणजे खळग्याभोवतीच्या आखूड गवताजवळचा, खेळ हा हाताच्या वळणाचा किंवा नशिबाचा भाग आहे असे समजून सोडून देतो.

माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या खेळात वेजचा फटका सुधारतो तो मुख्यतः बोट हलण्यापूर्वी केलेल्या गणितामुळे. मीटर, म्हणजे फटक्याची शक्ती दाखवणारी पडद्यावरची सरकती पट्टी, नेमक्या रेषेवर थांबवण्याचे कसब लागतेच, पण ते सगळ्यांकडे हळूहळू येते आणि एका मर्यादेपुढे त्यात फारसा फरक पडत नाही. चेंडू खळग्यातल्या झेंड्यापासून चार फुटांवर थांबला की चौदा फुटांवर, हे बहुतेक वेळा कोणती वेज घेतली, चेंडू कुठे टेकवायचे ठरवले आणि गवताचा हिशेब कसा केला, यावरूनच ठरते. या दहा फुटांची किंमत किती, हे कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंच्या फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवले आहे: आठ फुटांवरून हे निष्णात खेळाडूदेखील साधारण निम्म्याच वेळा चेंडू खळग्यात घालतात. खेळात ग्रीनचा उतार दाखवणारी मार्गदर्शक जाळी दिसत असल्याने आपले प्रमाण यापेक्षा बरे असेल, पण अंतर वाढले की संधी कमी होते, हा नियम पडद्यावरही तसाच लागू आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक वेजचा स्वतःचा तक्ता हवा. खेळ प्रत्येक वेजसमोर पूर्ण शक्तीचे अंतर दाखवतो, आणि मीटरवरील खुणा त्या अंतराच्या प्रमाणात आखलेल्या असतात. यावरून अनेक जण असे धरून चालतात की ८० यार्डांची वेज तीन चतुर्थांश शक्तीने मारली की चेंडू बरोबर ६० यार्डांवर जाऊन थांबेल. प्रत्यक्षात चेंडू हवेत किती जातो, टेकल्यावर किती पुढे सरकतो किंवा उलट्या फिरकीने किती मागे येतो, हे शक्ती बदलली की बदलते. पूर्ण शक्तीच्या फटक्यावरची फिरकी अर्ध्या शक्तीच्या फटक्यावर मिळत नाही. म्हणून वारा नसताना, सपाट फेअरवेवरून (मैदानाच्या मधल्या, कापलेल्या गवतावरून), एकाच प्रकारच्या चेंडूने, पूर्ण, तीन चतुर्थांश आणि अर्ध्या शक्तीचे फटके मारून चेंडू कुठे टेकला आणि कुठे थांबला हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत. सरावाच्या फेरीत किंवा झेंड्याच्या जवळात जवळ चेंडू टाकण्याच्या छोट्या स्पर्धांत हे सहज करता येते. खऱ्या गोल्फमध्ये डेव्ह पेल्झ या प्रशिक्षकाने, जो पूर्वी नासात काम करीत असे, हात घड्याळाच्या काट्याप्रमाणे किती मागे न्यायचा यावरून वेजची अंतरे ठरवण्याची पद्धत रूढ केली. आपल्याला मीटर आयता मिळतो, तरी नोंद ठेवण्याचा कंटाळा करतो, याचे मला नवल वाटते.

दुसरी गोष्ट वेजच्या निवडीची. ६० यार्डांचा फटका ८० यार्डांच्या वेजनेही मारता येतो आणि १२० यार्डांच्या पिचिंग वेजनेही. दोन्ही वेळी मीटरवर दोन टक्क्यांची चूक झाली असे समजू. पहिल्या वेजला ती दीड यार्डाहून थोडी जास्त पडते, दुसरीला जवळजवळ अडीच यार्ड. हात तोच, चूक तीच, पण चेंडू जवळपास अडीच फूट दूर. म्हणून अंतर गाठू शकणाऱ्या वेजपैकी सर्वांत कमी पल्ल्याची वेज घेणे हा साधारण नियम म्हणून धरावा. पिचचा (ग्रीनजवळून मारायचा छोटा, उंच) फटका निवडला की मीटरची कमाल मर्यादाच खाली येते आणि प्रत्येक खूण कमी यार्डांची होते, हाही त्याच कारणाने लाभ आहे. कॅरममध्ये जवळच्या सोंगटीला स्ट्रायकर हळूच लावावा लागतो, पण हळूच म्हणजे किती हे बोटाला समजायला वर्षे जातात. इथे मात्र मोजपट्टी बदलून तेच काम करता येते. या नियमाला अपवाद वाऱ्याचा आहे. साठ किंवा चौसष्ट अंश तिरप्या तोंडाची वेज चेंडू उंच फेकते आणि तो जास्त वेळ हवेत राहतो, त्यामुळे समोरून जोराचा वारा असेल तर कमी तिरप्या वेजने चेंडू खालून नेणे शहाणपणाचे ठरते, मग मीटरवरची चूक थोडी महाग पडली तरी चालेल.

आता गवताकडे वळतो, कारण सर्वाधिक फटके इथेच वाया जातात. चेंडू रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) किंवा वाळूत असला की खेळ टक्केवारीची एक कक्षा दाखवतो, उदाहरणार्थ १० ते २०. तितक्या टक्क्यांनी फटक्याचे अंतर घटणार, असा त्याचा अर्थ. इथे दोन चुका होतात आणि दोन्ही शाळेच्या गणितातल्या आहेत. समजा, झेंडा ६३ यार्डांवर आहे आणि ग्रीन आपल्यापेक्षा नऊ फूट उंच आहे. तीन फुटांना एक यार्ड या नेहमीच्या हिशेबाने फटका ६६ यार्डांचा झाला. कक्षेचा मध्य १५ टक्के. बहुतेक जण ६६ चे १५ टक्के, म्हणजे सुमारे १० यार्ड, त्यात मिळवतात आणि ७६ यार्डांची शक्ती लावतात. पण घट लावलेल्या शक्तीवर होते, हव्या असलेल्या अंतरावर नाही. म्हणून ६६ ला ०.८५ ने भागायला हवे आणि उत्तर सुमारे ७८ येते. दोन यार्डांचा फरक कुणी किरकोळ म्हणेल, पण चेंडू त्यामुळे जवळपास पाच फूट अलीकडे पडतो. गवत दाट असेल आणि मध्य २५ टक्क्यांवर गेला, तर मिळवण्याच्या रीतीने साडेब्याऐंशी येतात आणि भागण्याच्या रीतीने ८८. आता चूक साडेपाच यार्डांची झाली, आणि ग्रीनच्या पुढच्या कडेला बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर चेंडू तिथेच जाणार.

दुसरी चूक म्हणजे मध्य काढला की काम झाले असे मानणे. वरच्या उदाहरणात ७८ यार्डांची शक्ती लावल्यावर घट १० टक्के झाली तर चेंडू ७० यार्ड जाईल आणि २० टक्के झाली तर ६२ च्या आसपास. म्हणजे आपला हात अचूक असूनही चेंडू आठ यार्डांच्या पट्ट्यात कुठेही पडू शकतो. या पट्ट्यावर आपला ताबा नाही. तो पट्टा ग्रीनवर कुठे मांडायचा, यावर आहे. पुढे पाणी असेल तर पट्ट्याची अलीकडची कडसुद्धा पाण्यापलीकडे पडली पाहिजे, मग झेंडा विसरावा लागला तरी चालेल. मागे उतार असेल तर उलट करावे. रफमधून झेंड्यावर नेम धरणारा खेळाडू धाडसी दिसतो, पण तो खरे तर हिशेब न करणाराच असतो, असे माझे मत आहे. त्यात भर म्हणजे रफमधून उलटी फिरकी नीट लागत नाही आणि चेंडू टेकल्यावर पुढे पळतो; फेअरवेच्या तक्त्यातील थांबण्याचा आकडा इथे उपयोगाचा नाही, टेकण्याचा आकडाच घ्यायचा आणि पळण्यासाठी वेगळी जागा ठेवायची.

चढउताराविषयी एक बारकावा इथेच सांगतो. तीन फुटांना एक यार्ड हा हिशेब चेंडू सुमारे ४५ अंशांच्या कोनात खाली येतो असे धरल्यास जुळतो. वेजचा चेंडू यापेक्षा उभा उतरतो, म्हणून उंचीचा परिणाम थोडा कमी होतो. फ्लॉपच्या (चेंडू जवळपास सरळ वर उडवणाऱ्या) फटक्यात तो आणखी कमी. उलट सपाट जाणाऱ्या चेंडूवर उंचीचा परिणाम जास्त. पेबल बीचचे सातवे होल (एका खळग्यापर्यंतचा मैदानाचा भाग) ११० यार्डांच्याही आतले, समुद्राकडे उतरणारे आणि वाऱ्याच्या तोंडी असलेले आहे. तिथे हा फरक आणि वारा हे दोन्ही एकदम मोजावे लागतात. १९९२ च्या यूएस ओपनच्या अखेरच्या दिवशी, वारा बेफाम असताना, टॉम काइटने याच होलवर ग्रीनबाहेरून वेजने चेंडू थेट खळग्यात घातला आणि पुढे ती स्पर्धा जिंकली. पेल्झच्या सल्ल्याने पिशवीत तिसरी, जास्त तिरपी वेज बाळगणाऱ्या पहिल्या खेळाडूंपैकी तो एक होता. ते होल खेळताना ही गोष्ट माहीत असली की अधिक मजा येते, म्हणून सांगितली.

फेअरवेवरून पूर्ण शक्तीने, पूर्ण उलट्या फिरकीने मारलेला चेंडू मागे येतो, हे पाहून नव्या खेळाडूला आनंद होतो आणि मग तो प्रत्येक फटक्याला तीच फिरकी लावतो. झेंडा ग्रीनच्या मागच्या भागात असेल तर त्याने नुकसानच होते, कारण चेंडू झेंड्याजवळ टेकून पुन्हा ग्रीनच्या मध्यावर परततो. झेंडा मागे असताना फिरकी कमी करून चेंडू अलीकडे टेकवावा आणि पुढे जाऊ द्यावा. झेंडा पुढे असताना पलीकडे टेकवून मागे आणावा. ग्रीनचा उतार मागून पुढे असेल तर मागे येणारा चेंडू आणखी वेगाने येतो, ही गोष्ट आधीच धरलेली बरी. शिवाय चेंडू झेंड्याच्या खालच्या बाजूला थांबला पाहिजे. पेनसिल्व्हेनियातील ओकमाँट मैदानासारख्या वेगवान ग्रीनवर वरून खाली मारायचा पाच फुटांचा फटका हा खालून वर मारायच्या दहा फुटांपेक्षा अवघड असू शकतो.

ग्रीनच्या कडेवरून चिप (चेंडू थोडासाच उचलून पुढे घरंगळवणारा फटका), पिच, फ्लॉप आणि पटर (चेंडू जमिनीवरून ढकलणारी काठी) असे चार मार्ग खेळ देतो. यांतला फ्लॉप डोळ्यांना सर्वांत आकर्षक आणि हिशेबाला सर्वांत अविश्वसनीय. समोर बंकर आणि त्यामागे लगेच झेंडा, अशा कोंडीतच तो वापरावा. मोकळी जागा असेल तर चेंडू जितका लवकर जमिनीवर येईल तितका बरा. चिप मारताना फक्त टेकण्याची जागा आणि त्यापुढची घरंगळ पाहायची असते, आणि ही घरंगळ ग्रीनच्या वेगावर ठरते. ग्रीनचा वेग ज्या स्टिंपमीटरने मोजतात ते साधन एडवर्ड स्टिंपसन यांनी १९३५ मध्ये तयार केले. ठरावीक उतारावरून सोडलेला चेंडू किती फूट जातो, तोच त्या ग्रीनचा आकडा. म्हणजे १२ च्या ग्रीनवर चेंडू ८ च्या ग्रीनपेक्षा दीडपट घरंगळतो. एका मैदानावर बसवलेली चिप दुसऱ्या मैदानावर का फसते, याचे उत्तर या एका भागाकारात मिळते, आणि तक्त्यात ग्रीनचा वेग लिहून ठेवला नसेल तर ते कधीच मिळत नाही.

पटरचा मार्ग कमीपणाचा मानण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. पाइनहर्स्टची ग्रीन मधोमध उंच आणि कडांना उतरती आहेत, कडेचे गवत आखूड कापलेले असते, आणि वेजने उचललेला चेंडू थोडा चुकला तरी दुसऱ्या बाजूने खाली उतरतो. २०१४ ची यूएस ओपन तिथे झाली तेव्हा जर्मनीचा मार्टिन काइमर ग्रीनबाहेरूनही वारंवार पटरच वापरत होता, आणि त्याने ती स्पर्धा आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली. सेंट अँड्र्यूजच्या कडक जमिनीवरही हाच विचार चालतो. चेंडूखालचे गवत आखूड असेल आणि वाटेत खड्डा किंवा दाट गवत नसेल, तर वेज पिशवीतच राहू द्यावी.

वाळूविषयी थोडक्यात. खऱ्या मैदानावर जीन साराझेनने वेजच्या तळाला भर देऊन वाळूत न रुतणारी वेज वापरात आणली आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. तो तळ कसा सरकतो, हे तिथे शिकावे लागते. या खेळात वाळूचा प्रश्न टक्केवारी आणि उंची यांपुरताच उरतो, म्हणून रफला लावलेलेच गणित इथे लावावे आणि फिरकीची आशा ठेवू नये.

एक मुद्दा असा आहे की ज्यावर जाणकारांत मतभेद होऊ शकतात. दुसऱ्या फटक्यात चेंडू ग्रीनच्या शक्य तितक्या जवळ न्यावा, की आवडत्या वेजच्या पूर्ण अंतरावर थांबवावा? ब्रॉडी यांच्या आकडेवारीचा कल जवळ जाण्याकडे आहे: शंभर यार्डांवरून, फेअरवेवर चेंडू असताना, व्यावसायिक खेळाडूला होल संपवायला सरासरी २.८ फटके लागतात आणि वीस यार्डांवरून २.४. खऱ्या गोल्फसाठी मला हे पटते. ऑनलाइन खेळात मात्र पूर्ण शक्तीच्या फटक्यालाच भरवशाची फिरकी मिळते, आणि तीस-चाळीस यार्डांचा अर्धवट फटका पिचच्या मर्यादेबाहेर आणि पूर्ण फटक्याच्या अर्ध्याखाली अशा अडचणीच्या जागी येतो. म्हणून ज्याची वेज ८० यार्डांची आहे त्याने चेंडू ३५ वर नेण्यापेक्षा ८० च्या जवळपास, आणि मुख्य म्हणजे फेअरवेवर, ठेवावा असे मी सुचवेन. पिचच्या कक्षेत नक्की पोहोचता येत असेल तर हा सल्ला लागू नाही.

साधनांविषयी मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे. क्रेडिट खर्च करायचेच असतील तर ते ड्रायव्हरआधी वेजवर आणि वेजआधी चेंडूवर करावेत. चेंडूंच्या गुणांत फिरकीबरोबरच मीटरची गतीही असते, आणि मीटर सावकाश चालवणारा चेंडू प्रत्येक फटक्यात उपयोगी पडतो, मग तो ड्रायव्हरचा असो वा पटरचा. मात्र चेंडू बदलला की फिरकी बदलते आणि तक्ता पुन्हा करावा लागतो, म्हणून दर आठवड्याला नवा चेंडू घेणाऱ्याचा खेळ स्थिरावत नाही. वेजच्या अंशांत सारखे अंतर राहील असा संच जमवावा, उदाहरणार्थ ५२, ५६ आणि ६०. दोन वेजच्या पल्ल्यांत फार मोठी दरी राहिली की नेमका तोच फटका वारंवार वाट्याला येतो. मीटर अडखळत चालत असेल तर आधी मोबाइलवर मागे उघडी राहिलेली अ‍ॅप बंद करून पाहावीत. पुष्कळदा हाताला दिलेला दोष यंत्राचा असतो.

आपल्या क्रीडा पुरवणीत या विषयाला जागा देता आली, तर एखाद्या खऱ्या होलचे चित्र, झेंड्याचे अंतर, उंची, वारा आणि गवताची टक्केवारी एवढेच छापावे आणि ‘कोणती वेज, किती शक्ती, चेंडू कुठे टेकवाल?’ असे विचारावे. उत्तर पुढच्या आठवड्यात कारणांसह द्यावे. सुरुवात पेबल बीचच्या सतराव्या होलपासून करता येईल: १९८२ च्या यूएस ओपनमध्ये टॉम वॉटसनने तिथे ग्रीनच्या डावीकडच्या रफमधून सँड वेजने चेंडू थेट खळग्यात घातला आणि जॅक निकलॉसला मागे टाकले. चेंडू रफमध्ये, झेंडा जवळ आणि ग्रीनचा उतार पलीकडे, अशी ती स्थिती होती. वाचकांनी गणित मांडावे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, नाशिक